स्पायरल पर्म : करण्यापूर्वी आणि केल्यानंतर

पर्ममधील अमोनियम थायोग्लायकोलेट केसांतील केराटिनचे बंध तोडते. हायड्रोजन पेरॉक्साइड ते नव्या वळणात पुन्हा जोडते. मुळातून येणारा नवा केस मात्र पूर्वीसारखाच असतो.

लग्नसराईत पहूरला पर्म करणार असाल, तर 48 तास आधी कानामागे थोडे द्रावण लावून पाहा. काळी मेंदी, डाय किंवा स्मूदनिंग केले असल्यास पार्लरमध्ये सांगा. असे केस तुटू शकतात. डोक्याच्या त्वचेवर जखम, पुरळ असल्यास थांबा.

आग होणे ही पर्म ‘लागू पडल्याची’ खूण नाही. सहन करू नका. लगेच भरपूर पाण्याने धुवायला सांगा. फोड आले किंवा द्रावण डोळ्यात गेले, तर धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नंतर दोन दिवस केस धुऊ नका. मोठ्या दातांचा कंगवा वापरा. खान्देशातल्या उन्हात सुती रुमाल बांधा.