मनी प्लांटचं जुनं नाव

एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करताना मी अगदी साध्या वाक्याशी अडले. घर सोडून निघालेली म्हातारी शेजारीण नायिकेला 'पोथॉस'चा एक तुकडा देते आणि पाण्यात ठेवायला सांगते. पोथॉस म्हणजे आपला मनी प्लांट, हे मला ठाऊक होतं. पण ग्रीक भाषेत 'पोथॉस' म्हणजे ओढ, दूर असलेल्याची आस, हेही विद्यार्थिदशेपासून डोक्यात होतं. निरोपाचा प्रसंग आणि हातात 'ओढ' नावाची वेल! मी खुशीत समासात टीप लिहून ठेवली. मग खात्री करून घ्यावी म्हणून शब्दाचं मूळ शोधायला बसले, आणि टीप खोडावी लागली.

या वेलीचं नाव ग्रीक नाहीच, ते सिंहली आहे. १६७२ साली पाउल हर्मान हा जर्मन वैद्य डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत लंकेला गेला. तिथल्या वनस्पती त्याने वाळवून, दाबून, नावांसकट जमा केल्या. हर्मान वारल्यानंतर अनेक वर्षांनी तो संग्रह लिनियसच्या हाती आला आणि त्यावरून त्याने १७४७ साली लंकेच्या वनस्पतींवर ग्रंथ काढला. झाडाखोडांवर चढणाऱ्या एका वेलीला सिंहलीत 'पोता-वॅल' म्हणतात. त्यातल्या 'पोता'चं लॅटिन वळणाचं 'पोथॉस' झालं आणि १७५३ पासून ते एका प्रजातीचं अधिकृत नाव ठरलं. ती वेल आपल्या पश्चिम घाटातही आहे. मात्र ती मनी प्लांट नव्हे.

मनी प्लांट मूळचा ताहितीशेजारच्या मोओरेआ बेटावरचा. १८८० साली बेल्जियममधल्या लिंडेन यांच्या रोपवाटिकेतून तो युरोपच्या बाजारात आला, तो सॉलोमन बेटांवरचा म्हणून. लिंडेन आणि आंद्रे यांनी त्याला 'पोथॉस ऑरियस', म्हणजे सोनेरी पोथॉस, असं नाव दिलं. म्हणजे पॅसिफिकमधल्या वेलीला लंकेतल्या वेलीचं नाव लागलं. पुढे शास्त्रज्ञांनी ते काढून घेतलं आणि एकामागून एक दुसरी नावं दिली. १९६४ साली जॉर्ज बंटिंग यांनी ती 'एपिप्रेम्नम'मध्ये नेली, तेव्हा कुठे हा घोळ निस्तरला. रोपवाटिकांत आणि घरांत मात्र पोथॉसच राहिलं.

इतका घोळ झाला कारण वनस्पतीचं कूळ ओळखायचं तर फूल पाहावं लागतं, आणि ही वेल फुलतच नाही. १९६०च्या दशकात फ्लोरिडात ती फुलली, तेव्हा तिचं कूळ लागलं. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तिच्या अंगी पुरेसं तयार होत नाही, कारण ते बनवणारं एक जनुक नीट काम करत नाही, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. बाहेरून जिबरेलिन दिल्यावर ती फुलली.

फूल नाही म्हणजे बीही नाही. आपल्या खिडक्यांतली जवळपास प्रत्येक वेल ही दुसऱ्या वेलीचा तोडलेला तुकडा आहे, आणि ती दुसरी तिसरीचा. म्हणून ती सांभाळणं म्हणजे मुख्यतः नीट तोडणं. तुकड्याला किमान एक पेर हवं. मुळं पेरातून फुटतात. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर ते काही दिवस हिरवं राहील, पण त्याची वेल होणार नाही. आठवड्याला पाणी बदलावं. बाटली गडद रंगाची असली तर शेवाळ कमी धरतं. कुंडीत असेल तर वरची माती सुकल्याखेरीज पाणी घालू नये. ही वेल तहानेने क्वचित मरते, सडून जास्त. अंधाऱ्या कोपऱ्यात ती जगते, पण पानांवरचे सोनेरी पट्टे फिके पडतात. पानं चावली तर तोंडाची आग होते, म्हणून रांगती मुलं आणि मांजरं यांच्यापासून दूर ठेवावी.

आपण तिला कपाटावरून खाली सोडतो, त्यामुळे तिची पानं तळहाताएवढीच राहतात. तिला आधार देऊन वर चढवलं तर पानं मोठी होत जातात. कोकणात एखाद्या नारळावर चढलेली पाहावी. पानं सुपाएवढी आणि कडेने फाटलेली. हीच बाटलीतली वेल, हे सांगितलं तरी पटत नाही. लंकेत तर ती बागांतून जंगलात शिरून उपद्रवी ठरली आहे. जिथून नाव उसनं घेतलं, तिथेच ती पाहुणी म्हणून गेली आणि जमीन बळकावून बसली.

आता माझं वाक्य. 'मनी प्लांट' लिहावं तर आपल्याकडे त्याला पैशाचा वास आहे. शिवाय ही वेल चोरून आणली तरच फळते, असा समज. कादंबरीतली म्हातारी ती उघड हाताने देते, आणि तिच्या मनात पैसा नाही. 'पोथॉस' लिहावं तर मराठी वाचकाला पोथी आठवेल, वेल दिसणार नाही. 'ओढ' सुचवण्याचा मोह अजून होता. पण ते माझं असतं, त्या म्हातारीचं नव्हे.

शेवटी पहिल्यांदा 'मनी प्लांट' लिहिलं, म्हणजे ओळख पटेल, आणि पुढे सगळीकडे नुसतं 'वेल'. पानं छापायला गेल्यावर लक्षात आलं की 'पोता-वॅल'मधला 'वॅल' म्हणजे आपला वेलच. दोन्ही शब्द संस्कृत 'वल्ली'पासून आलेले. लॅटिनमध्ये जाताना नावाचा जो अर्धा भाग गळला होता, तो माझ्या भाषेत आधीपासूनच होता.