क्षितिजाचा शोध : वळणातील दिशाभ्रम आणि १९७८ चा मुंबई विमान अपघात

प्रस्तावना

शीव-ट्रॉम्बे मार्गावर वळण घेणारा मोटारसायकलस्वार वाहनासह आतल्या बाजूस कलतो. परंतु त्याचे डोके शरीराइतके कलत नाही. मान किंचित उलट बाजूस झुकवून तो आपली दृष्टी क्षितिजाशी समांतर राखतो. ही क्रिया त्याला कोणी शिकविलेली नसते. ट्रॉम्बेपासून फार दूर नसलेल्या सांताक्रूझ विमानतळावरून १ जानेवारी १९७८ च्या रात्री उड्डाण केलेले विमान वळण घेतल्यानंतर काही क्षणांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. वळण घेण्याच्या या दोन क्रियांची तुलना करून त्या अपघाताचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वळण आणि तोलाची जाणीव

मोटारसायकल व विमान ही दोन्ही वाहने कलून वळतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाने ३० मीटर त्रिज्येचे वळण घेताना मोटारसायकल सुमारे १९ अंश कलते. अशा वेळी गुरुत्वाकर्षण व वळणामुळे जाणवणारा बाहेरचा जोर यांची एकत्रित दिशा स्वाराच्या शरीराच्या अक्षातूनच जाते. योग्य रीतीने वळणाऱ्या विमानातही हेच घडते; म्हणूनच विमान कललेले असतानाही प्रवाशाच्या हातातील पेल्यातले पाणी सांडत नाही. तात्पर्य, केवळ शरीराच्या जाणिवेवर विसंबल्यास स्वार व वैमानिक या दोघांनाही आपण सरळच बसलो आहोत असे वाटेल.

अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकृती नलिका डोक्याचे फिरणे टिपतात. परंतु त्यांना मर्यादा आहेत. दर सेकंदास सुमारे २ अंशांपेक्षा कमी गतीने होणारा कल त्यांना बहुधा जाणवत नाही. एकाच गतीने फिरणे दहा-वीस सेकंद चालू राहिले, तर नलिकांतील द्रव स्थिरावतो आणि फिरण्याची जाणीव नाहीशी होते. पुढे विमान सरळ केले की उलट दिशेस वळत असल्याचा भास होतो. वळणात असताना डोके अचानक खाली किंवा बाजूला वळविल्यास हा भ्रम अधिक तीव्र होतो. मोटारसायकलचे वळण काही सेकंदांत संपते, कल झपाट्याने येतो व जातो आणि रस्ता सतत डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे स्वार या भ्रमातून वाचतो. म्हणजे दोघांच्या कानांत भेद नाही; भेद आहे तो वळणाच्या कालावधीत आणि दिसणाऱ्या क्षितिजात.

कृत्रिम क्षितिजाचा उदय

तोलाच्या इंद्रियावरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या खुर्चीच्या साहाय्याने अमेरिकी वैमानिक डेव्हिड ऑकर यांनी १९२६ च्या सुमारास दाखवून दिले की, बाहेरचे दृश्य बंद केल्यास अनुभवी वैमानिकही दिशेबाबत फसतो. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल यांनी केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवून व उतरवून दाखविले. त्या उपकरणांत कृत्रिम क्षितिजाचा समावेश होता. भारतात बंगळूर येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या वायुसेनेच्या संस्थेत वैमानिकांच्या वैद्यकीय प्रश्नांचा अभ्यास सुरू झाला.

तथापि, या उपकरणाने एक नवी अडचणही निर्माण केली. १९९० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या अभ्यासांतून असे आढळले की, बाहेरचे क्षितिज दिसत असताना वैमानिकही मोटारसायकलस्वाराप्रमाणे नकळत डोके क्षितिजाशी समांतर ठेवतो. त्याच्या दृष्टीने क्षितिज स्थिर असते आणि विमान कलते. उपकरणाकडे पाहताना डोके विमानाबरोबर सरळ राहते. तेथे विमानाचे चिन्ह स्थिर असून क्षितिजाची रेषा हलते. बाहेरील दृश्याकडून उपकरणाकडे वळण्याचा क्षण म्हणूनच घातक ठरू शकतो.

सांताक्रूझचे १०१ सेकंद

मुंबईच्या उपनगरांनी यापूर्वीही विमान अपघात पाहिला होता. १२ जुलै १९४९ रोजी केएलएमचे कॉन्स्टेलेशन विमान ऐन पावसाळ्यात घाटकोपर येथील टेकडीवर आदळून ४५ जणांचा मृत्यू झाला. १९७८ मध्ये मात्र मार्गात टेकडी नव्हती. 'एम्परर अशोक' हे एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ विमान दुबईकडे निघाले होते. धावपट्टीवरून पश्चिमेकडे झेपावताच शहराचे दिवे मागे पडले आणि समोर काळोखा समुद्र आला. किनारा ओलांडल्यावर नियोजित उजवे वळण घेऊन विमान क्षणभर सरळ झाले व नंतर डावीकडे कलू लागले. वैमानिकासमोरील स्थितिदर्शक मात्र अजून उजवा कलच दाखवीत होता. तो कल काढण्यासाठी वैमानिकाने विमान आणखी डावीकडे झुकविले. कल ९० अंशांच्याही पुढे गेला आणि उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी विमान समुद्रावर आदळले.

प्रारंभी घातपाताची शंका व्यक्त झाली; परंतु अवशेष व ध्वनिमुद्रणाच्या तपासणीत ती टिकली नाही. भारतीय चौकशीने स्थितिदर्शकातील बिघाडानंतर विमानाच्या स्थितीचे भान सुटल्याने वैमानिकाने केलेल्या अतार्किक हालचाली हे संभाव्य कारण मानले. इतर उपकरणांच्या आधारे कर्मचाऱ्यांना विमान सावरता आले नाही, असेही नमूद केले. अमेरिकेत विमान व उपकरणांच्या निर्मात्यांविरुद्ध दाखल झालेल्या दाव्यांत न्यायाधीश जेम्स फिट्झगेराल्ड यांनी १९८५ मध्ये निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला.

या निष्कर्षातील 'अतार्किक' हा शब्द विचारात घेण्याजोगा आहे. वैमानिकाच्या हालचाली खऱ्या क्षितिजाच्या दृष्टीने चुकीच्या होत्या. परंतु त्याच्यासमोरील खोट्या क्षितिजाच्या दृष्टीने त्या सुसंगत होत्या. कललेली रेषा सरळ करण्याचाच तो प्रयत्न होता. बाहेर अंधार होता आणि विमान कललेले असल्याचे शरीर निश्चित सांगू शकत नव्हते. खरा आधार सहवैमानिकासमोरील व राखीव अशा उर्वरित दोन स्थितिदर्शकांचा होता. उड्डाण अभियंत्याने त्या उपकरणावर विसंबू नका असा इशारा दिलाही. परंतु तोवर वेळ निघून गेली होती.

निष्कर्ष

२२ डिसेंबर १९९९ रोजी लंडनजवळील स्टॅनस्टेड येथून रात्री उडालेले कोरियन एअरचे मालवाहू बोइंग ७४७ जवळजवळ याच रीतीने कोसळले व चौघांचा अंत झाला. तेथेही कप्तानाचा स्थितिदर्शक बिघडला होता. सहवैमानिकाचा स्थितिदर्शक खरी स्थिती दाखवीत असूनही त्याने कप्तानास रोखले नाही. दोन अपघातांत जवळजवळ २२ वर्षांचे अंतर आहे. यावरून असे दिसते की, मुंबईच्या अपघाताचा दोष एका व्यक्तीच्या अतार्किकतेवर टाकल्याने त्यातील शिकवण अपुरी राहते. मोटारसायकलस्वार मान तिरपी करून क्षितिज स्वतः शोधू शकतो. रात्री समुद्रावर उडणाऱ्या वैमानिकाला ते उपकरणाकडून उसने घ्यावे लागते. उसने घेतलेले क्षितिज शेजाऱ्याच्या क्षितिजाशी पडताळून पाहणे आणि विसंगती दिसताच कनिष्ठाने ती स्पष्ट शब्दांत सांगणे, हाच या दिशाभ्रमावरील उपाय ठरतो.