अल्बेनियातील घनकचरा व्यवस्थापन
बाल्कन प्रदेशातील अल्बेनियाने २०११ मध्ये युरोपीय संघाच्या निकषांना धरून एकात्मिक कचरा व्यवस्थापनाचा कायदा केला. कचरा उचलण्याची जबाबदारी ६१ नगरपालिकांवर आहे. मात्र बहुतेक कचरा आजही जमिनीवरच टाकला जातो. राजधानी तिरानाजवळचे शारा हे कचरा टाकण्याचे प्रमुख ठिकाण. एल्बासान, फिएर आणि तिराना येथे कचरा जाळण्याचे प्रकल्प सरकारी पैशातून मंजूर झाले. तिरानाची भट्टी प्रत्यक्षात उभीच राहिली नाही, हा जनतेच्या पैशाचा अक्षम्य अपव्यय होय. या व्यवहारांतील भ्रष्टाचाराबद्दल माजी पर्यावरणमंत्र्यांना २०२३ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. त्याआधी नागरिकांच्या विरोधामुळे परदेशांतून होणारी कचऱ्याची आयात २०१३ मध्ये थांबली होती. पुनर्वापरायोग्य माल वेचण्याचे कष्टाचे काम मुख्यतः रोमा आणि इतर गरीब कुटुंबे करतात.