इन्स्पायर उच्च शिक्षण शिष्यवृत्ती
इन्स्पायर उच्च शिक्षण शिष्यवृत्ती ही मूलभूत विज्ञानाच्या पदवी व पदव्युत्तर शिक्षणासाठीची गुणवत्ताधारित शिष्यवृत्ती होय. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने इन्स्पायर योजना २००८ मध्ये सुरू केली. वार्षिक ८०,००० रुपयांपैकी ६०,००० रुपये विद्यार्थ्यास मिळतात. २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात.

बारावीला आपापल्या मंडळाच्या पहिल्या एक टक्क्यात येणारे विद्यार्थी पात्र ठरतात. त्यामुळे अंथुर्णे (ता. इंदापूर, जि. पुणे) येथील राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याची तुलना त्याच मंडळातील विद्यार्थ्यांशी होते, केंद्रीय मंडळाशी नव्हे. मात्र अभियांत्रिकी वा वैद्यकीय अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास, गुण कितीही असले तरी, ही शिष्यवृत्ती मिळत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षीच, महाविद्यालय प्रमुखांच्या प्रमाणपत्रासह ऑनलाइन अर्ज करावा लागतो.