स्वीडिश शोध आणि नवनिर्मिती

काडेपेटी, पंपाचा स्टोव्ह, दुधातली मलई वेगळी काढणारा सेपरेटर, कारखान्यातील स्लिप गेज, टेट्रा पॅक, मोटारीतील आसनपट्टा, शरीरात बसवायचा पेसमेकर : उत्तर युरोपातील स्वीडन या विरळ वस्तीच्या देशातून जगभर पोचलेल्या शोधांपैकी हे काही. यांतल्या बऱ्याच वस्तू स्वीडनच्या आधीही कोणत्या ना कोणत्या रूपात होत्या. स्वीडिश संशोधकांचे खरे मोठेपण त्या वस्तूंमधला धोका किंवा अडचण नेमकी हेरून ती दूर करण्यात आणि सुधारलेली वस्तू कारखान्यात हजारोंनी तयार करण्यात आहे. ही नोंद प्रामुख्याने अशा शोधांविषयी आहे.

लोखंड, तांबे आणि जंगल ही या देशाची जुनी संपत्ती. फालूनच्या तांब्याच्या खाणीत पाणी उपसण्याची व खनिज वर चढवण्याची यंत्रे बांधणारे क्रिस्तोफर पोलहेम (१६६१–१७५१) यांच्यापासून स्वीडिश यंत्रविद्येचा इतिहास सांगण्याची रीत आहे. यंत्रांतील निरनिराळ्या हालचाली शिकवण्यासाठी त्यांनी लाकडी प्रतिकृतींचा एक संच केला होता आणि त्याला ‘यांत्रिक वर्णमाला’ असे नाव दिले होते. १७३९ मध्ये विज्ञान अकादमी स्थापन झाली. उप्साला येथील खगोलशास्त्रज्ञ आंदर्श सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये शंभर अंशांची तापमापन श्रेणी मांडली. तिच्यात पाणी उकळण्याचा बिंदू शून्य आणि गोठण्याचा बिंदू शंभर होता. आज आपण वापरतो तो उलटा क्रम त्यांच्या मृत्यूनंतर रूढ झाला. एवढी परंपरा असूनही एकोणिसाव्या शतकात देश गरीबच होता. शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत बारा-तेरा लाख लोक पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेले. पुढे वर्णिलेले बहुतेक यांत्रिक शोध नेमके याच काळातले आहेत.

काडेपेटी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस असे. अशी काडी कशावरही घासली की पेटे, खिशातही पेटे. त्याहून भयंकर गोष्ट कारखान्यात घडत होती. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने कामगारांच्या जबड्याचे हाड कुजत असे, आणि या कामगारांत बायका व मुले पुष्कळ असत. रसायनशास्त्राचे प्राध्यापक गुस्ताव्ह एरिक पाश यांनी १८४४ मध्ये एक साधी पण विलक्षण कल्पना मांडली : ज्वलनाला लागणारे दोन घटक एकत्र ठेवूच नयेत. फॉस्फरस काडीवरून काढून पेटीच्या बाजूच्या पट्टीवर न्यावा. म्हणजे काडी त्या पट्टीवर ओढली तरच पेटेल. पाश यांची काडी महाग पडत असल्याने चालली नाही. व्हेटर्न सरोवराकाठच्या यनशपिंग गावी कारखाना चालवणारे योहान एडवर्ड आणि कार्ल फ्रान्स लुंडस्ट्रम या भावांनी निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस वापरून ती व्यवहारात आणली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात या काड्यांना पारितोषिक मिळाले. पुढे आलेक्सांडर लागरमान यांच्या यंत्रांनी काड्या कापण्यापासून पेट्या भरण्यापर्यंतचे काम हाती घेतले आणि ‘सेफ्टी मॅच’ जगभर गेली. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवरील बंदीचा आंतरराष्ट्रीय करार मात्र १९०६ पर्यंत होऊ शकला नाही. सुरक्षित पर्याय तयार असताना पन्नास वर्षे जबडे कुजत राहिले, ही या शोधाच्या इतिहासातली काळी बाजू आहे आणि ती त्याच्या गौरवाबरोबरच सांगितली पाहिजे. विसाव्या शतकात ईव्हार क्रूगर यांनी काड्यांचा धंदा अनेक देशांत मक्तेदारीच्या थराला नेला. मुंबईजवळ अंबरनाथला १९२० च्या दशकात उभा राहिलेला ‘विम्को’चा कारखाना हा याच स्वीडिश उद्योगाचा विस्तार होय.

आल्फ्रेड नोबेल यांच्या डायनामाइटची (१८६७) गोष्टही याच जातीची आहे. नायट्रोग्लिसरीन हे इटालियन रसायनशास्त्रज्ञ आस्कानियो सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये शोधलेले द्रव्य हलकासा धक्का लागताच फुटे. १८६४ मध्ये स्टॉकहोममधल्या नोबेल कुटुंबाच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात आल्फ्रेड यांचा धाकटा भाऊ एमिल दगावला. सच्छिद्र डायॅटमी मातीत ते द्रव्य मुरवून नोबेल यांनी त्याला हाताळण्याजोगे केले.

सेपरेटर आणि टर्बाइन. दूध थाळ्यात ठेवून साय वर येण्याची वाट पाहायची, ही पद्धत गुस्ताव्ह द लाव्हाल यांच्या १८७८ च्या यंत्राने मागे पडली. वेगाने फिरणाऱ्या भांड्यात जड दूध कडेकडे व हलकी मलई मध्याकडे जाते आणि दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी अखंड बाहेर पडतात. यंत्र थांबवावे लागत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. हे भांडे फिरवायला वेगवान इंजिन हवे, म्हणून द लाव्हाल वाफेच्या टर्बाइनकडे वळले. आधी निमुळती होत जाऊन पुढे पुन्हा रुंदावणारी जी तोटी त्यांनी वाफेसाठी बनवली, तिच्यातून वाफ ध्वनीपेक्षा अधिक वेगाने बाहेर पडते. त्यांचे चाक मिनिटाला ३०,००० च्या आसपास फेरे घेई. आजच्या प्रत्येक मोठ्या अग्निबाणाच्या बुडाशी त्याच आकाराची तोटी असते. लोण्यासाठी सुरू झालेला विचार अवकाशयानापर्यंत पोचावा, याहून सुंदर उदाहरण तंत्रज्ञानाच्या इतिहासात मला आढळलेले नाही. द लाव्हाल यांनी मिळवलेला पैसा नव्या प्रयोगांत घातला. १९१३ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्याजवळ फारसे काही उरले नव्हते. त्यांची कंपनी पुढे ‘आल्फा लाव्हाल’ झाली. पुण्यात दापोडीला तिचा कारखाना आहे.

स्टोव्ह आणि पाना. स्टॉकहोममधील कारागीर फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी वातीविना चालणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला. १८९२ पासून तो ‘प्रायमस’ या नावाने विकला जाऊ लागला. पंपाने टाकीत हवेचा दाब वाढवायचा, काकड्याने बर्नर तापवायचा. तापलेल्या बर्नरमध्ये रॉकेलची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून बाहेर येऊन निळ्या ज्योतीने जळते. काजळी धरत नाही. आमुंडसेन यांच्या तुकडीने १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर जाताना हेच स्टोव्ह नेले होते. मराठी घरांत गॅस येण्याआधीच्या दोन-तीन पिढ्यांचा स्वयंपाक, पिन मारून छिद्र मोकळे करण्याच्या नित्यकर्मासह, याच रचनेच्या स्टोव्हवर झाला. याच काळात एनशपिंगचे योहान पेतर योहान्सन यांनी मळसूत्र फिरवून जबडा लहानमोठा करता येणारा पाना आजच्या आटोपशीर रूपात आणला. असे पाने इंग्लंडमध्ये पूर्वीही होते, पण बोजड. स्टोव्ह आणि पाना ही दोन्ही उत्पादने बी. ए. यूर्थ या एकाच व्यापाऱ्याने देशोदेशी पोचवली. स्वीडिश यशात संशोधकाइतकाच अशा व्यापाऱ्यांचा वाटा आहे.

अचूकता. एस्किल्स्तुना येथील शस्त्रकारखान्यात काम करणारे कार्ल एडवर्ड योहान्सन १८९६ मध्ये जर्मनीतील माउझर बंदुकांचा कारखाना पाहून परतत होते. प्रत्येक भागाच्या मापासाठी वेगळे गेज ठेवण्याची तिथली पद्धत त्यांना खर्चिक वाटली. आगगाडीतच त्यांनी हिशेब मांडला : पोलादाचे १०२ ठोकळे योग्य मापांचे घेतले, तर ते एकमेकांना जोडून १ ते २०१ मिलिमीटरपर्यंतचे कोणतेही माप ०.०१ मिलिमीटरच्या टप्प्याने, म्हणजे सुमारे २०,००० मापे, मिळतात. ठोकळ्यांच्या बाजू इतक्या सपाट हव्यात की दोन ठोकळे एकमेकांवर सरकवताच चिकटून बसावेत. त्या घासण्यासाठी त्यांनी घरचे शिवणयंत्र बदलून घेतले होते. एका कारखान्यातला भाग दुसऱ्या कारखान्यातल्या यंत्रात हमखास बसणे, हा आधुनिक उत्पादनाचा पायाच या ठोकळ्यांनी पक्का केला. १९२३ मध्ये योहान्सन हेन्री फोर्ड यांच्या कंपनीत गेले. पुण्या-नाशिकच्या कोणत्याही टूलरूममध्ये लाकडी पेटीत जपून ठेवलेली स्लिप गेज ती हीच. त्यांचे नाव नोबेलइतके प्रसिद्ध नाही. असायला हवे होते.

बेअरिंग. योटेबोर्ग शहराची जमीन चिकणमातीची. तिथल्या एका कापडगिरणीचा पाया खचे, यंत्रे फिरवणारे लांब दांडे तिरके होत आणि बेअरिंग निकामी होत. गिरणीतील अभियंता स्व्हेन विंगक्विस्ट यांनी १९०७ मध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असलेले असे बेअरिंग केले की ज्याच्या बाहेरील कड्याची आतली बाजू गोलाच्या पृष्ठासारखी वक्र असते. दांडा थोडा वाकडा झाला तरी बेअरिंग स्वतःला जुळवून घेते. त्याच वर्षी ‘एसकेएफ’ ही कंपनी निघाली. व्होल्वो मोटार कंपनीची सुरुवातही तिच्याच भांडवलावर झाली. पुण्याजवळ चिंचवडला ‘एसकेएफ’चा कारखाना आहे.

इतर. गुस्ताव्ह दालेन यांनी उजाडताच दीपगृहाचा गॅसदिवा आपोआप विझवणारी सौरझडप बनवली (१९०७). १९१२ मध्ये स्फोटात त्यांची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाल्ट्झार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये एकही हलता भाग नसलेले, उष्णतेवर चालणारे शीतकपाट तयार केले. एरिक वालेनबर्ग यांनी १९४४ मध्ये सुचवलेली कागदाची चतुष्फलक पिशवी रूबेन राउसिंग यांच्या कंपनीने १९५२ मध्ये लुंड येथील डेअरीत प्रथम वापरली. चाकणला कारखाना असलेले ‘टेट्रा पॅक’ ते हेच.

वैद्यक. १९५३ मध्ये लुंडचे डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकीविद हेल्मुथ हर्ट्झ यांनी पोलादातील भेगा शोधण्याचे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र हृदयाकडे वळवले. ‘इको’ची तपासणी त्यातून आली. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर शल्यविशारद ओके सेनिंग यांनी प्रथमच रुग्णाच्या शरीरात बसवला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे एकामागून एक नवी यंत्रे बसवत तो रुग्ण २००१ पर्यंत जगला, म्हणजे आपल्या दोन्ही तारणहारांहून अधिक काळ. दंतरोपणासाठी हाडात एकजीव होणारे टायटेनियम (पेर-इंगवार ब्रोनेमार्क) आणि मेंदूवरील ‘गामा नाइफ’ (लार्श लेक्सेल) हेही याच परंपरेतले.

आसनपट्टा. विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केलेले निल्स बूलीन यांनी १९५९ मध्ये व्होल्वोसाठी छाती आणि कंबर दोन्ही धरणारा, एका हाताने लावता येणारा पट्टा आणला. कंपनीने पेटंट घेतले, पण ते इतर उत्पादकांना खुले ठेवले.

शोधाच्या हक्काविषयी सांगायचे तर, स्वीडनमध्ये १९४९ च्या कायद्यापासून विद्यापीठातील शिक्षकाने लावलेल्या शोधाचा हक्क विद्यापीठाकडे न जाता त्याच्याकडेच राहतो. श्रेयाच्या सीमारेषा मात्र नेहमीच स्पष्ट नसतात. आजच्या रूपातली झिप (१९१३) करणारे गिडिऑन सुंडबॅक जन्माने स्वीडिश, पण त्यांचे काम अमेरिकेत झाले. उलट ब्लूटूथ १९९४ पासून एरिक्सन कंपनीत लुंड येथे आकाराला आले, आणि त्यामागचे प्रमुख अभियंता याप हार्टसेन डच आहेत.