यकृतातली कणगी

नुसतं मांस खाणाऱ्या प्राण्याच्या रक्तात साखर येते कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जाणकारांचं मत ठाम होतं: साखर बनवावी ती वनस्पतींनीच; प्राण्यांनी ती खायची आणि संपवायची. पॅरिसच्या क्लोद बेर्नार यांनी १८४८ मध्ये कुत्र्याला फक्त मांसावर ठेवलं, तरी यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर सापडलीच.

पक्का पुरावा मिळाला १८५५ साली. नुकत्याच मारलेल्या कुत्र्याचं यकृत काढून बेर्नार यांनी त्याच्या रक्तवाहिन्यांतून चाळीस मिनिटं गार पाणी सोडलं. साखरेचा अंशही उरला नाही. मग ते यकृत तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तर आत पुन्हा भरपूर साखर! रक्त नाही, अन्न नाही, प्राणी तर मेलेला. यकृत आधी उकळलं, तर मात्र साखर बनेना. म्हणजे आत साठा होता, आणि तो मोडणारं, उष्णतेनं निकामी होणारं काहीतरीही. हे दुसरं निरीक्षण मला पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं.

१८५७ मध्ये त्यांनी साठा वेगळा काढला. पांढरी, पिठासारखी भुकटी. नाव दिलं ग्लायकोजेन. जेवणानंतरची जादा साखर शरीर कणगीत धान्य भरावं तशी या रूपात भरून ठेवतं: मोठ्या माणसाच्या यकृतात साधारण १०० ग्रॅम, सगळ्या स्नायूंत मिळून त्याच्या चौपट.

हा साठा मोडतो कसा, हे कळायला पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं गेली. प्रागमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या गर्टी आणि कार्ल कोरी यांनी १९३६ मध्ये दाखवलं की ग्लायकोजेन या ग्लुकोज-साखरेच्या साखळीच्या टोकाचं एकेक ग्लुकोज फॉस्फेट जोडून सोडवलं जातं. ते काम करणारं एन्झाइम म्हणजे फॉस्फोरिलेज. १९४७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. गर्टींना पूर्ण प्राध्यापकपद मिळालं तेही त्याच वर्षी. इतका उशीर अक्षम्यच.

१९५२ मध्ये त्यांनी यकृत फुगलेल्या, रक्तातली साखर सतत घसरणाऱ्या मुलांच्या आजाराचं मूळ शोधलं. साठा भरलेला, पण फॉस्फेट काढून साखर रक्तात सोडणारं शेवटचं एन्झाइमच नाही. आनुवंशिक चयापचय-विकाराचं कारण एका एन्झाइमपर्यंत पोचल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. अशा मुलांना आज दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, पाण्यात कालवलेलं कच्चं कॉर्नफ्लोअर देतात. ते हळूहळू पचतं आणि साखर टिकून राहते. शिजवलेलं चालत नाही.