‘ॲक्रिलिक’ हा एकच शब्द, पण रंग कोणता? चित्रकारांच्या आवडीचा इतिहास कसा वाचायचा

लंडनच्या टेट संग्रहालयाकडे १९६० च्या दशकातली दोन गाजलेली चित्रं आहेत. एक रॉय लिक्टनस्टाइन यांचं ‘व्हाम!’ (१९६३): कॉमिकमधून उचललेला विमानहल्ला, रुंदी चार मीटरहून जास्त. दुसरं डेव्हिड हॉकनी यांचं ‘अ बिगर स्प्लॅश’ (१९६७): कॅलिफोर्नियातला जलतरण तलाव आणि नुकतीच कुणीतरी मारलेली उडी. पहिल्या चित्राच्या माध्यमाच्या ओळीत ‘ॲक्रिलिक आणि तैलरंग’ असं लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या ओळीत ‘ॲक्रिलिक’. वाचणाऱ्याला वाटतं, ॲक्रिलिक दोन्हीकडे एकच असणार.

तसं नाही. ‘व्हाम!’मधलं ॲक्रिलिक टर्पेंटाइनमध्ये आजही विरघळू शकतं. ‘अ बिगर स्प्लॅश’ची मोठी काळजी वेगळी आहे, ती म्हणजे पाणी. ओल्या बोळ्याने हा रंग थोडा फुगतो आणि त्याच्या पृष्ठभागावरचे काही घटक निघून येतात. म्हणजे एका चित्राला जी सफाई चालेल, ती दुसऱ्याला इजा करू शकते, आणि माध्यमाची ओळ मात्र दोन्हीकडे तोच शब्द सांगते.

या लेखात मला तुम्हाला एवढंच दाखवायचं आहे: ‘अमुक चित्रकाराला अमुक रंग आवडायचा’ हे वाक्य आपण फार सहज लिहून जातो. पण त्या ‘आवडण्या’मध्ये रुचीबरोबर कारखाना, पुरवठा, किंमत, ओळखीपाळखी आणि कधीकधी शरीराला होणारा त्रासही असतो. ते सगळं सुटं करून बघणं हेच संशोधन.

सुरुवात एका प्रबंधापासून

पीएचडीची तयारी करणाऱ्यांना हा भाग आवडेल. १९०१ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठात ऑटो र्‍योम नावाच्या विद्यार्थ्याने ॲक्रिलिक आम्लापासून बनणाऱ्या बहुलकांवर, म्हणजे पॉलिमरवर, प्रबंध सादर केला. त्याचा तेव्हा काही उपयोग झाला नाही. १९०७ मध्ये र्‍योम आणि ऑटो हास यांनी कंपनी काढली, ती चामडं कमावण्यासाठी लागणाऱ्या द्रव्याची. पुढची अनेक वर्षं कंपनी त्यावरच चालली. प्रबंधातला तो चिकट पदार्थ बाजारात यायला जवळजवळ तीन दशकं लागली. काचेसारखं प्लेक्सिग्लास आलं १९३३ मध्ये.

हे लक्षात ठेवा, कारण चित्रकलेच्या इतिहासात ॲक्रिलिक रंग जणू चित्रकारांसाठीच शोधला गेला असं सांगितलं जातं. चित्रकार या गोष्टीत फार उशिरा येतात. मोटारी, चामडं, विमानांच्या खिडक्या, घरांच्या भिंती हे आधीचे ग्राहक.

अर्थात, चित्रकार हातावर हात ठेवून बसले नव्हते. मेक्सिकोतल्या भित्तिचित्रकारांना उघड्या भिंतींवर टिकेल आणि झटपट वाळेल असा रंग हवा होता. दाविद आल्फारो सिकेरोस यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रयोगशाळेसारखी कार्यशाळाच चालवली. तिथे मोटारीला मारायचे नायट्रोसेल्युलोजचे रंग वापरले जात, आणि तरुण जॅक्सन पोलॉक तिथे येत असत. तो रंग ॲक्रिलिक नव्हता. पण ‘कारखान्यातला रंग कॅनव्हासवर चालतो’ ही सवय तिथून लागली.

दोन रंग, दोन घराणी

आता थोडं रसायनशास्त्र, घाबरू नका. कुठल्याही रंगात रंगद्रव्य असतं आणि ते धरून ठेवणारा बंधक असतो. तैलरंगात हा बंधक जवसाचं तेल. ॲक्रिलिकमध्ये कृत्रिम राळ. ही राळ दोन प्रकारे वापरता येते.

पहिला प्रकार: राळ द्रावकात विरघळवायची. द्रावक उडून गेला की रंग वाळला. न्यूयॉर्कमधले लेनर्ड बोकुर आणि त्यांचे भाचे सॅम गोल्डन यांनी १९४० च्या दशकात असा रंग बनवला आणि नाव ठेवलं ‘मॅग्ना’. तो टर्पेंटाइनने पातळ करायचा, तैलरंगात मिसळताही यायचा. वाळल्यावर रंगात रासायनिक बदल होत नाही, त्यामुळे तोच द्रावक लावला की तो पुन्हा सुटतो.

दुसरा प्रकार: राळेचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत ठेवायचे, दुधात स्निग्धांश असतो तसे. याला इमल्शन म्हणतात. पाणी उडालं की थेंब एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. अमेरिकेतल्या रोम अँड हास कंपनीने १९५३ मध्ये घरांच्या रंगासाठी असं इमल्शन बाजारात आणलं. त्यावरून सिनसिनाटीच्या हेन्री लेविसन यांच्या ‘पर्मनंट पिगमेंट्स’ने १९५५ मध्ये चित्रकारांसाठी ‘लिक्विटेक्स’ काढला. आज आपण दुकानातून आणतो ते जवळजवळ सगळे ॲक्रिलिक रंग या दुसऱ्या घराण्यातले.

थेंब पाण्यात तरंगत राहावेत म्हणून त्यात साबणासारखे घटक घालावे लागतात. हेच घटक पुढे हळूहळू चित्राच्या पृष्ठभागावर येतात. शिवाय हा पापुद्रा खोलीच्या तापमानाला मऊच राहतो आणि धूळ धरतो. संग्रहालयातल्या जतनकर्त्यांची डोकेदुखी इथे सुरू होते.

मॉरिस लुई : आवड की भागीदारी?

‘व्यावसायिक चित्रकार रंग कसा निवडतो’ याचं फार बोलकं उदाहरण म्हणजे वॉशिंग्टनचे मॉरिस लुई. १९५३ मध्ये लुई आणि केनेथ नोलंड न्यूयॉर्कला हेलन फ्रँकेनथेलर यांच्या स्टुडिओत गेले. तिथे त्यांनी ‘माउंटन्स अँड सी’ (१९५२) पाहिलं. कॅनव्हासवर अस्तर न लावता, पातळ केलेला तैलरंग कापडात जिरू दिला होता. लुईंनी ही कल्पना उचलली, पण रंग घेतला मॅग्ना.

का? तैलरंगातलं तेल उघड्या सुती कापडाला काळांतराने कुजवतं आणि डागाभोवती तेलाची कड उमटते. मॅग्ना भरपूर पातळ केला तरी रंगाची चमक राहते, आणि तो कापडावरून पडद्यासारखा ओघळतो. ही झाली रुचीची बाजू. आता दुसरी बाजू बघा. बोकुर स्वतः चित्रकारांमध्ये वावरणारे होते, होतकरूंना रंग असेच देऊन टाकत. लुईंना हवा तसा अधिक पातळ मॅग्ना १९६० च्या सुमारास बनवला गेला, आणि त्यानंतरच्या ‘अनफर्ल्ड’ मालिकेत त्या रंगाचे मोकळे ओघळ दिसतात. मग सांगा, लुईंनी रंग निवडला की रंग लुईंसाठी घडला? ‘आवड’ हा शब्द इथे अपुरा पडतो.

आणि याची किंमत? लुई घरातल्या जेमतेम बारा बाय चौदा फुटांच्या जेवणाच्या खोलीत ही प्रचंड चित्रं करत. टर्पेंटाइनची वाफ त्याच खोलीत. १९६२ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने ते गेले, वय ४९. रंगाच्या वाफेमुळेच हे झालं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. इथे सावध राहा. एका माणसाच्या आजारावरून कारण सिद्ध होत नाही. प्रबंधात लिहिताना ‘बंद खोलीत द्रावकांचा दीर्घ संपर्क होता’ हे विधान आणि ‘त्यानेच मृत्यू झाला’ हे विधान, यांत फरक करायलाच हवा. पहिल्याला पुरावा आहे, दुसरं हा तर्क आहे.

हॉकनी आणि पुरवठ्याचा प्रश्न

हॉकनी १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला गेले आणि ॲक्रिलिककडे वळले. इंग्लंडमध्ये त्यांनी तो आधी वापरून पाहिला होता, पण तिथे मिळणारा माल त्यांना पसंत पडला नव्हता. अमेरिकेतला रंग हातात आल्यावर मत बदललं. म्हणजे तोच चित्रकार, कागदावर तेच माध्यम, पण दुकान बदललं आणि आवड बदलली.

रंग लवकर वाळतो, सपाट बसतो, कडा धारदार येतात. कॅलिफोर्नियाच्या कडक उन्हातली घरं रंगवायला हे गुण उपयोगी पडले. ‘अ बिगर स्प्लॅश’मधल्या पाण्याच्या तुषारावर मात्र त्यांनी छोट्या ब्रशने जवळपास दोन आठवडे काम केलं. क्षणात वाळणाऱ्या रंगाने चित्रही झटकन होतं, हा गैरसमज त्यामुळे जातो. पुढे १९७० च्या दशकात, व्यक्तिचित्रांत हवी तशी मऊ छटा मिळेना म्हणून, ते पुन्हा तैलरंगाकडे आले.

लिक्टनस्टाइन यांचं उलट. त्यांना मॅग्ना हवा होता, कारण चुकलेला भाग टर्पेंटाइनने पुसून नव्याने सपाट रंगवता येई. इतरांना जो दोष वाटावा, तोच यांच्या दृष्टीने गुण. म्हणून कुणी ‘चित्रकारांचा सर्वांत आवडता ॲक्रिलिक कोणता?’ असं विचारलं, तर आधी उलटा प्रश्न टाका: कशासाठी आवडता?

पुरावा चार प्रकारचा

हा विषय कुणी संशोधनासाठी घेतला, तर चार प्रकारची साधनं हाताशी येतील.

१. माध्यमाची ओळ. सगळ्यांत सोपी, सगळ्यांत ढोबळ. ती कुणी लिहिली आणि कधी लिहिली, हे विचारा.

२. चित्रकाराचं किंवा विक्रेत्याचं बोलणं. मधासारख्या दाट राळेची बाटली घेऊन कुणीतरी दुकानात आलं आणि त्यातून मॅग्नाची कल्पना सुचली, असा किस्सा बोकुर सांगत. छान आहे. पण सांगणारा स्वतः रंग विकणारा आहे आणि गोष्ट अनेक वर्षांनी सांगतो आहे, हे समासात लिहून ठेवा.

३. कंपनीचे कागद. जाहिराती, किंमतपत्रकं, बदललेली सूत्रं. तेच नाव राहूनही आतला माल बदलतो. इमल्शन रंगांत वापरली जाणारी राळ १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून बऱ्याच ठिकाणी बदलली, ट्यूबवरचं नाव तेच राहिलं.

४. प्रत्यक्ष रंगाचा कण. अवरक्त किरणांच्या चाचणीतून राळेचा प्रकार कळतो. पण ती राळ चित्रकाराने का घेतली, हे कुठलंही यंत्र सांगत नाही.

यातलं एकही साधन एकटं पुरत नाही. दोन साधनं एकमेकांशी भांडायला लागली की समजा, प्रबंधाचं प्रकरण सापडलं.

आपल्याकडे हाच प्रश्न

आता मुंबईकडे येऊ. सय्यद हैदर रझा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पॅरिसला गेले, आणि १९६२ मध्ये बर्कले इथे कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवायला होते. अमेरिकन अमूर्त चित्रकला त्यांनी तिथे जवळून पाहिली. पुढे त्यांनी तैलरंग सोडून ॲक्रिलिक घेतला. ‘सौराष्ट्र’ (१९८३) हे त्यांचं मोठं चित्र ॲक्रिलिकमध्येच आहे. रझांवरचं बरंचसं लेखन बिंदू, भूमी, अध्यात्म यांभोवती फिरतं. माध्यम बदलल्याने रंगलेपनात काय बदललं, याला त्या मानाने कमी जागा मिळते.

दुसरं नाव तय्यब मेहता. १९६८ मध्ये ते शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. त्यानंतर त्यांच्या चित्रातला जाड लेप गेला आणि सपाट रंगांचे मोठे पट्टे आले. त्यांचं ‘सेलिब्रेशन’ (१९९५) ॲक्रिलिकमध्ये आहे. हे वाचून तुम्ही पटकन म्हणाल, ‘ॲक्रिलिकमुळे सपाटपणा आला.’ थांबा. १९७० च्या दशकातली त्यांची ‘डायगोनल’ मालिका बघा. पट्टे सपाटच आहेत, पण रंग तैलरंग. म्हणजे सपाटपणा आधी आला, ॲक्रिलिक नंतर. इथे माध्यमाने शैली घडवली नाही. आधी ठरलेल्या शैलीला सोयीचं माध्यम नंतर मिळालं, असं म्हणणं पुराव्याला जास्त धरून होईल. कालक्रम नीट लावला की एक आकर्षक सिद्धांत कसा कोसळतो, याचा हा नमुना.

तुम्हाला विषय शोधायचा असेल, तर एक छोटं काम करून बघा. एकच चित्रकार घ्या. त्याच्या प्रदर्शनांचे कॅटलॉग सालाप्रमाणे लावा आणि माध्यमाची ओळ कुठल्या वर्षी बदलते ते वहीत उतरवा. मग त्या वर्षाच्या आसपास तीन गोष्टी तपासा: त्याचा प्रवास, शहरातल्या दुकानांत काय मिळत होतं, आणि चित्रांचे आकार. शाईपासून सुरुवात करून रंगांकडे आलेल्या आपल्या दांडेकरांच्या कॅम्लिनची जुनी किंमतपत्रकं, कलासाहित्याच्या दुकानांची बिलं, कला महाविद्यालयांच्या साहित्य-याद्या, ही सगळी साधनं आहेत. रद्दीत जाण्याआधी ती कुणीतरी गोळा करायला हवीत. ज्यांनी हे रंग पहिल्यांदा हाताळले ती चित्रकारांची पिढी आता उतारवयात आहे, त्यामुळे मुलाखतींपासून सुरुवात करा, कागद नंतरही मिळतील. आणि मुलाखतीत ‘तुम्हाला कोणता रंग आवडायचा?’ असं विचारू नका. ‘पहिली ट्यूब कुठून आणली, आणि केवढ्याला?’ असं विचारा.